कोल्हापुरात घर विकायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिवाजी पेठेतलं जुनं घर असो, राजारामपुरीतला फ्लॅट असो की पाचगावातलं रो हाऊस, विकायला काढलं की लोक पहिल्यांदा पेंटरला फोन करतात. खालच्या उत्तरांत पेंटर बराच नंतर येतो.

घर विकायला काढायचं ठरलं. पहिलं काम कोणतं?

कपाटातली फाइल बाहेर काढा. घर शहराच्या सिटी सर्व्हे हद्दीत असेल तर प्रॉपर्टी कार्डाचा ताजा उतारा घ्या, गावाच्या हद्दीत असेल तर सातबारा. दहा वर्षांपूर्वीची झेरॉक्स चालत नाही. डिजिटल सहीचा उतारा आता ऑनलाइन मिळतो, त्यामुळे 'कचेरीत जायला वेळ नाही' ही सबब संपली.

उतारा हातात आला की तीन गोष्टी बघा. नाव कुणाचं आहे, क्षेत्र किती आहे आणि 'इतर हक्क' या रकान्यात काय लिहिलंय. पेठांतल्या घरांवर अजून आजोबांचं नाव असतं, तेही अर्धवट स्पेलिंगचं. वीस वर्षांपूर्वी फेडलेल्या पतसंस्थेच्या कर्जाचा बोजा तसाच दिसत असतो, कारण दाखला घेऊन नोंद कमी करायला कुणी गेलेलंच नसतं. प्रॉपर्टी कार्डावरचा 'सत्ता प्रकार' हा रकानाही वाचा. देवस्थान इनाम, वतन किंवा भोगवटादार वर्ग २ असलं काही निघालं तर परवानगीशिवाय विक्री होत नाही. ही परवानगी घ्यायला लागणारा वेळ धरूनच पुढचं सगळं ठरवावं लागतं.

फाइलमध्ये काय काय असावं?

तुमचं खरेदीखत आणि त्याची सूची क्रमांक दोन, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा. त्याआधीची खरेदीखतं जितकी मागं मिळतील तितकी, कारण घेणाऱ्याचा वकील साधारण तीस वर्षांचा शोध घेतो. मंजूर नकाशा, बांधकाम परवाना, भोगवटा प्रमाणपत्र (बांधकाम मंजुरीप्रमाणे पूर्ण झाल्याचा दाखला). जमीन शेतीची होती तर बिगरशेती आदेश. चालू वर्षाच्या घरफाळ्याची आणि पाणीपट्टीची पावती, शेवटचं वीजबिल. फ्लॅट असेल तर सोसायटीचं भाग प्रमाणपत्र किंवा अपार्टमेंटचं नोंदवलेलं घोषणापत्र. आपल्याकडं बऱ्याच इमारती १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखाली आहेत. तिथं सोसायटीचे कागद शोधत बसू नका, ते नसतातच.

यातलं भोगवटा प्रमाणपत्र हे खरं दुखणं. नकाशा दोन मजल्यांचा मंजूर, वर तिसरा चढवलेला, पुढची गॅलरी आत घेऊन खोली केलेली, आणि 'सगळ्यांनीच केलंय' हे उत्तर तयार. सगळ्यांनी केलंय हे खरंच आहे. पण घेणाऱ्याला कर्ज देणारी बँक मंजूर नकाशा आणि जागेवरचं बांधकाम जुळवून बघते, आणि जुळलं नाही तर तेवढ्या भागाची किंमत धरत नाही किंवा कर्जच नाकारते. मग तुमच्याकडं फक्त रोख ऐपतीचं गिऱ्हाईक उरतं. ते गिऱ्हाईक भाव पाडूनच मागतं, कारण त्याला दुसरा कोणी नाही हे माहीत असतं. वाढीव बांधकाम नियमित करून घेता येतं का, हे एखाद्या आर्किटेक्टला विकायला काढण्याआधी विचारा.

घर पाचगाव, उजळाईवाडी, उचगाव अशा गावच्या हद्दीत आहे. काही वेगळं?

हो. शहरालगतच्या ४२ गावांसाठी २०१७ मध्ये कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण झालं. त्यानंतरच्या बांधकामाला ग्रामपंचायतीचा दाखला दाखवून भागत नाही, प्राधिकरणाची परवानगी विचारली जाते. प्राधिकरण येण्याआधीचं बांधकाम असेल तर त्या वेळची परवानगी शोधून ठेवा.

दुसरा मुद्दा गुंठेवारीचा. दोन-तीन गुंठ्यांचा तुकडा घेऊन बांधलेली घरं या पट्ट्यात भरपूर आहेत. २००१ च्या गुंठेवारी कायद्यात २०२१ मध्ये बदल होऊन ३१ डिसेंबर २०२० पर्यंतचे तुकडे नियमित करण्याचा मार्ग खुला झाला. नियमित झाल्याचं प्रमाणपत्र असलेलं घर आणि नसलेलं घर एकाच गल्लीत असलं तरी बँकेच्या आणि गिऱ्हाइकाच्या नजरेत ती दोन वेगळी घरं असतात.

वडील वारले, घर अजून त्यांच्याच नावावर आहे. बहिणींची सही लागते का?

लागते. लग्न कधीही झालेलं असो, लग्नात कितीही खर्च केलेला असो. वडिलांनी मृत्युपत्र केलेलं नसेल तर मुलगा, मुलगी आणि आई यांचा वडिलांच्या हिश्शात सारखा वाटा आहे. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मतःच हक्क असल्याचं २००५ च्या दुरुस्तीनं ठरलं आणि सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२० मध्ये ते पक्कं केलं. त्यामुळे 'ताईचं काही म्हणणं नाही' एवढ्यावर कुठलाही शहाणा वकील पुढं जात नाही.

आधी वारस नोंद करून सगळ्यांची नावं लावून घ्या. मग दोन वाटा. एक, बहिणींनी हक्कसोडपत्र करून द्यायचं. दोन, सगळ्यांनी मिळून विकणारे म्हणून खरेदीखतावर सह्या करायच्या आणि पैसे ज्याच्या त्याच्या खात्यावर घ्यायचे. घर विकायचंच ठरलं असेल तर मला दुसरी वाट बरी वाटते. एक दस्त वाचतो, आणि दिवाळीला भाऊबीज सुखात होते. वारसांत कुणी अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालचं, असेल तर वकिलाला पहिल्याच भेटीत सांगा. तिथं बहुतेक वेळा न्यायालयाची परवानगी लागते आणि तिला महिने जातात.

आमच्या घरात पुराचं पाणी आलं होतं. सांगायचं का?

सांगायचंच. कारण लपत नाही. घर बघायला येणारा माणूस तुमच्या दारात यायच्या आधी कोपऱ्यावरच्या टपरीवर चहा घेऊन येतो आणि सहज विचारल्यासारखं विचारतो, "एकोणीसला पाणी कुठपर्यंत आलतं हितं?" सुतारवाडा, दुधाळी, जामदार क्लब, व्हीनस कॉर्नर, शाहूपुरीतली कुंभार गल्ली, बापट कॅम्प ही नावं घेतली की कोल्हापूरकरांच्या डोळ्यांसमोर २००५, २०१९ आणि २०२१ येतं. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका हे आकडे इथं पोरासोरांना पाठ आहेत, आणि २०१९ ला पाणी ५५ फुटांच्याही वर गेलं होतं. अशा गावात 'आमच्याकडं कधी येत नाही' असं खोटं बोललात तर तुमच्या बाकीच्या खऱ्या बोलण्यावरचाही विश्वास उडतो.

कायदाही हेच सांगतो. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार, घेणाऱ्याला साध्या पाहणीत कळणार नाही असा महत्त्वाचा दोष विकणाऱ्याला माहीत असेल तर तो त्यानं सांगायला हवा.

प्रश्न कसं सांगायचं एवढाच आहे. नुसतं 'पाणी आलं होतं' म्हटलं की ऐकणारा मनातल्या मनात छपरापर्यंत पाणी भरतो. त्याला मोजून सांगा. '२०१९ ला पार्किंगमध्ये कमरेएवढं, जिन्याच्या चौथ्या पायरीपर्यंत. घरात नाही.' मीटरच्या पेटीमागं, शटरच्या आतल्या अंगाला, कंपाउंडच्या विटांवर ती मातकट रेघ अजून असते. ती घासून काढू नका, बोट ठेवून दाखवा. त्या वेळचे फोटो मोबाइलमध्ये असतील तर तेही दाखवा. आणि मग तुम्ही काय केलंत ते सांगा: स्विचबोर्ड छातीच्या उंचीवर घेतले, पाण्याची मोटर आणि इन्व्हर्टर वर हलवला, ड्रेनेजमधून पाणी उलटं येऊ नये म्हणून झडप बसवली. पाणी उतरल्यावर प्लास्टर किती उंचीपर्यंत काढून नवीन केलं तेही.

शेजारी विचारून अंदाज बांधण्यापेक्षा पूररेषेची स्थिती कागदावर घ्या. निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतल्या पुराची. बांधकामावरची बंधनं त्यावर ठरतात, त्यामुळे पाडून नवीन बांधायच्या विचारानं येणारं गिऱ्हाईक हे विचारणारच. महापालिकेच्या नगररचना विभागाकडून झोन दाखला आणि नकाशाचा भाग घेऊन फाइलला लावा.

आणि तुमच्याकडं तिन्ही वेळा खरंच पाणी आलं नसेल, तर ते जाहिरातीत पहिल्या ओळीत लिहा. कोल्हापुरात 'प्रशस्त, हवेशीर' यापेक्षा ही ओळ कितीतरी जास्त फोन आणते.

रंग काढावा का? किती खर्च करावा?

आधी ओल, मग रंग. इथला पाऊस चार महिने भिंतीत मुरतो. बाथरूमच्या मागची भिंत, खिडकीवरच्या छज्जाचा सांधा, टेरेसचा कोपरा जिथं पन्हाळीला पाइप जोडलाय, या तीन जागा बघा. भिंतीला पांढरा लोणा आलेला असेल किंवा रंगाचे पोपडे सुटले असतील तर त्याच्यावर रंगाचा हात मारणं म्हणजे पैसे पाण्यात. नवा रंग ओल आत कोंडतो आणि महिन्याभरात तिथंच फुगा येतो. तो फुगा नेमका गिऱ्हाईक दुसऱ्यांदा बायको-आईला घेऊन येतं तेव्हा दिसतो. त्याला वाटतं, हे लपवलंय.

टेरेस गळते की नाही याची परीक्षा सोपी आहे. पन्हाळींची तोंडं बोळा घालून बंद करा, वर दोन-तीन इंच पाणी साठवा आणि दोन दिवस तसंच ठेवा. खाली स्लॅबला डाग उमटला नाही तर ही परीक्षा गिऱ्हाइकासमोर परत करायची तयारी ठेवा. 'पावसाळ्यात येऊन बघा' असं छातीठोकपणे म्हणता आलं तर रंगाचा अर्धा खर्च वाचला. डाग उमटला तर आधी वॉटरप्रूफिंग, भिंत सुकायला वेळ, आणि मग रंग. प्लास्टर ओलं असताना घाई करू नका. दसऱ्यानंतर उन्हं पडली की हे काम करावं.

रंग फिका ठेवा. हॉलमधली एक भिंत जांभळी किंवा लाल करायची जी हौस होती, ती पुसून टाका. आणि नवीन मॉड्युलर किचन करू नका. लाख-दीड लाख घालाल आणि घेणारी बाई दुसऱ्याच दिवशी म्हणेल, "ओटा मला उलटा पाहिजे."

त्याऐवजी हजार-दोन हजारांची कामं उरका. ठिबकणारे नळ, पावसात फुगून न लागणारं बाथरूमचं दार, हलणारी कडी, कुरकुरणारा पंखा, फ्लशची टाकी, टाइल्समधल्या काळ्या फटी, वरच्या टाकीचं फुटलेलं झाकण. लोक घर बघताना नळ सोडून बघतात आणि खिडकी उघडून बघतात. किचनच्या ट्रॉल्या फार थोडे जण ओढून बघतात.

घर भरलेलं दाखवावं की रिकामं करून?

राहतं घर निम्मं रिकामं करून दाखवावं. पूर्ण रिकामी खोली उगाच लहान वाटते आणि भिंतीवरचा प्रत्येक ओरखडा दिसतो. पण माळ्यावरची पिंपं, गॅलरीतले जुने टायर, दिवाणाखालच्या बोचक्या आणि बंद पडलेलं वॉशिंग मशीन आधी बाहेर काढा. भंगारवाला दारात येतोच.

हॉलमधली शोकेस हा नाजूक विषय. चांदीची गदा, कुस्तीची ढाल, मंडळाची मानचिन्हं, नातवाचा पहिल्या वाढदिवसाचा फोटो. त्यात तुमचं आयुष्य आहे, पण बघणाऱ्याला तिथं स्वतःचा टीव्ही कुठं बसेल ते बघायचं असतं. एक गदा राहू द्या, बोलायला विषय मिळतो. बाकीचं गुंडाळून ठेवा.

आणि रविवारी दुपारी शाकाहारी गिऱ्हाइकाला बोलावू नका. का, ते कोल्हापूरकराला सांगायला नको.

वास्तुदोष आहे असं एकानं सांगितलं. जिना फोडून घेऊ का?

नको. एक म्हणतो जिना चुकलाय, दुसरा म्हणतो स्वयंपाकघर. ज्याला घ्यायचंय तो त्याच्या माणसाला आणेल आणि त्याच्या खर्चानं बदल करेल. देवघर मात्र स्वच्छ आणि उजेडात असू द्या.

जुनं कौलारू घर आहे. पाडून मोकळी जागा म्हणून विकू का?

पाडायची घाई करू नका. पाडायचा खर्च तुमचा, राडारोडा उचलायचा तुमचा, आणि भिंत सामाईक असेल तर शेजाऱ्याशी भांडण तुमचं. मातीच्या जाड भिंती, लाकडी तुळया आणि माडी असलेलं घर घेणारे दोन प्रकारचे. एक बिल्डर, त्याला फक्त जागेचं क्षेत्र, रस्त्याची रुंदी आणि किती मजले चढतील हे हवं असतं. त्याच्यासाठी घर आहे तसंच ठीक. दुसरा, जुन्या घराची आवड असलेला. तो कमी भेटतो, पण त्याला सागवानी तुळई आणि परड्यातली विहीर दाखवा. एक गोष्ट पक्की करा: पाडून बांधताना रस्तारुंदीत किती फूट जातात. पेठांतल्या बोळात यावरच सौदा बसतो किंवा मोडतो.

भाव कसा ठरवू? शेजारच्यानं ऐंशी लाखांत विकलं म्हणतात.

म्हणतात. शेजाऱ्यानं सांगितलेला भाव आणि दस्तात लिहिलेला भाव यात अंतर असतं, कधी वर, कधी खाली. तुमच्याच गल्लीतले गेल्या वर्षभरातले नोंदलेले व्यवहार दुय्यम निबंधकांकडच्या सूचीत बघता येतात. हा आकडा टपरीवरच्या गप्पांपेक्षा खरा. रेडीरेकनरचा दर हा सरकारचा किमान हिशेब आहे, बाजारभाव नाही. पण त्याच्या खाली सौदा केला तरी मुद्रांक शुल्क रेडीरेकनरवरच भरावं लागतं, आणि फरक मोठा असेल तर आयकरातही तोच आकडा धरला जातो.

फ्लॅटच्या बाबतीत एकदा ठरवा की कोणतं क्षेत्र बोलताय. कार्पेट, बिल्टअप की सुपर बिल्टअप. 'हजार स्क्वेअर फूट' म्हणून बोलावलं आणि टेप लावल्यावर आत सातशे निघालं तर बोलणी तिथंच थांबतात. कार्पेट सांगा, टेप लावू द्या.

लोक सर्किट बेंचचाही दाखला देतात. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं, आता भाव दुप्पट होणार म्हणून कुणी घर धरून बसलंय. बेंच आहे त्या भाऊसिंगजी रोडपासून चालत जाता येईल अशा जागेला, विशेषतः ऑफिसजोग्या, याचा फायदा आहे. फुलेवाडीतल्या दोन बीएचकेचा भाव त्यावर लावू नका.

मागायचा भाव आणि द्यायचा भाव यात घासाघिशीपुरती जागा ठेवा, पण इतकी नको की गिऱ्हाईक फोनवरच हसेल. सहा महिने त्याच भावात पडून राहिलेल्या घराबद्दल गावात बोललं जातं, 'काहीतरी भानगड असणार.'

एजंट लावू की स्वतः विकू?

तुम्ही इथं राहता, फोन उचलायला वेळ आहे, कागद सरळ आहेत तर स्वतः करा. पुण्या-मुंबईत राहत असाल तर एजंट लावाच. कमिशन साधारण एक ते दोन टक्के, आणि ते कधी द्यायचं हे आधी लिहून घ्या: खरेदीखत झाल्यावर, विसार घेतल्यावर नाही. एकाच घराची पाटी पाच एजंटांनी पाच भावांत फिरवली की घराची किंमत उतरते. दोन पुरे.

जाहिरात कुठं आणि फोटो कसे?

इथं अजून स्थानिक वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिराती चालतात, खास करून पन्हाळा, राधानगरी, भुदरगडकडून पोरांच्या शिक्षणासाठी शहरात घर शोधणाऱ्यांत. तरुण गिऱ्हाईक मोबाइलवर असतं. शिवाय तालमीच्या, कॉलनीच्या, शाळेच्या जुन्या बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका. निम्मे सौदे ओळखीतून होतात.

फोटो सकाळी दहाच्या सुमारास, सगळ्या खिडक्या उघडून, लाइट लावून, मोबाइल आडवा धरून. खोलीच्या कोपऱ्यात उभं राहून छातीच्या उंचीवरून काढा. संडासाचा फोटो लागतो, पण झाकण बंद करून. समोरच्या रस्त्याचा आणि पार्किंगचा एक फोटो हवाच, कारण पेठेत चारचाकी शिरते का हा पहिला प्रश्न असतो. मजकुरात लिहा: वॉर्ड, कार्पेट क्षेत्र, कितवा मजला, लिफ्ट, पाण्याची वेळ, काळम्मावाडीच्या थेट पाइपलाइनचं पाणी येतं का, पूरस्थिती, आणि कर्ज होऊ शकतं का. 'स्टेशनपासून पाच मिनिटं' असलं लिहू नका. कुणाच्या गाडीनं?

प्रॉपर्टी कार्ड, आधार, पॅन यांचे फोटो जाहिरातीत टाकू नका. आणि एक फसवणूक ओळखून ठेवा. घर न बघताच 'पसंत आहे, टोकन पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा' म्हणणारा फोन. पैसे घ्यायला क्यूआर स्कॅन करावा लागत नाही, पिनही टाकावा लागत नाही. स्कॅन करून पिन टाकलात की पैसे तुमच्याच खात्यातून जातात.

घर बघायला येणाऱ्यांपुढं कसं वागावं?

एकानं बोलावं. घरातली चार माणसं चार भाव सांगतात आणि आजी मधेच म्हणते, "विकायचं नव्हतं, पण काय करणार." हे वाक्य पन्नास हजारांना पडतं. चहा द्या, पण बघणाऱ्याच्या मागं मागं खोलीत जाऊ नका, नवरा-बायकोला आपापसात बोलू द्या. 'का विकताय?' याचं खरं आणि छोटं उत्तर तयार ठेवा.

विकायचा चांगला काळ कोणता?

दसरा ते गुढीपाडवा, अक्षय्य तृतीयेपर्यंत. पितृपक्षात टोकन देणारे कमी, आषाढातही लोक टाळतात. पूरभागात घर असेल तर जुलै-ऑगस्टमध्ये बघायला बोलावून फार काही हाती लागत नाही. उलट पूर न येणाऱ्या भागात घर असेल तर भर पावसात बोलवावं.

विसार किती घ्यावा? काही रक्कम रोख चालेल का?

विसार घेताना साधी चिठ्ठी नको. साठेखत, म्हणजे विक्रीचा करार, करून नोंदवा, त्यात पुढचे हप्ते, खरेदीखताची मुदत आणि सौदा मोडला तर विसाराचं काय हे स्पष्ट लिहा. घेणाऱ्याचा वकील वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देईल. त्याला हरकत घेऊ नका, त्यात तुमचंही भलं आहे.

रोखीबद्दल: स्थावर मिळकतीच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेता येत नाही. घेतली तर तेवढाच दंड पैसे घेणाऱ्याला, म्हणजे तुम्हाला, लागू शकतो. 'थोडं वरचं' मागणाऱ्याला हे सांगा. शिवाय दस्तात न दाखवलेली रक्कम सौदा मोडल्यावर कोर्टात सिद्ध करणं अवघड जातं.

मुद्रांक आणि नोंदणीचा खर्च रिवाजानं घेणारा करतो. बाईच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. बोलणी अडली असतील तर गिऱ्हाइकाला याची आठवण करून द्या.

घरावर कर्ज चालू आहे. विकता येतं का?

येतं. बँकेकडून शिल्लक रकमेचं पत्र आणि तिच्या ताब्यातल्या मूळ कागदांची यादी घ्या. घेणाऱ्याची बँक थेट तुमच्या कर्जखात्यावर रक्कम भरते आणि उरलेली तुम्हाला देते. कर्ज फिटल्यावर मूळ कागद ३० दिवसांत परत करणं बँकेवर बंधनकारक आहे. बँकेच्या चुकीनं उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई, हा रिझर्व्ह बँकेचा नियम डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. मॅनेजरला आठवण करून देताना उपयोगी पडतो.

भाडेकरू आहे.

करार संपवून, घर रिकामं करूनच दाखवा. जुना, तीस-चाळीस वर्षांचा भाडेकरू असेल तर तो घराबरोबर नव्या मालकाकडं जातो, आणि भाव त्याप्रमाणे पडतो. लपवून विकायचा विचारही नको.

किती कर बसेल?

घर दोन वर्षांपेक्षा जास्त तुमच्याकडं असेल तर नफा दीर्घ मुदतीचा. २३ जुलै २०२४ पासूनच्या विक्रीवर इंडेक्सेशनशिवाय, म्हणजे खरेदी किंमत महागाईप्रमाणे वाढवून न धरता, १२.५ टक्के. त्या तारखेआधी घेतलेल्या घरासाठी, भारतात राहणाऱ्या व्यक्तीला इंडेक्सेशनसह २० टक्क्यांचा हिशेब करून कमी पडेल तो भरता येतो. वारशानं आलेल्या घराला वडिलांच्या खरेदीपासूनचा काळ धरतात. २००१ च्या आधीचं घर असेल तर १ एप्रिल २००१ ची किंमत खरेदी किंमत म्हणून धरता येते. त्यासाठी मूल्यांककाचा अहवाल आताच करून घ्या, पेठेतल्या घराला याचा फरक फार मोठा पडतो. नफ्यातून दोन वर्षांत दुसरं राहतं घर घेतलं किंवा तीन वर्षांत बांधलं तर सूट मिळते.

किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर घेणारा एक टक्का टीडीएस कापतो. चार भावंडांत वाटून प्रत्येकाचा वाटा कमी झाला तरी एकूण किंमतच बघितली जाते. तो परत मिळवायला विवरणपत्र भरा.

भाऊ अमेरिकेत आहे, त्याचंही नाव आहे.

त्याच्या हिश्शावर टीडीएस बराच जास्त कापला जातो, आणि तिथं ५० लाखांची मर्यादा नाही. कमी दराचा दाखला आयकर खात्याकडून आधी घेता येतो, त्याला वेळ लागतो. सहीसाठी त्यानं भारतीय वकिलातीतून कुलमुखत्यारपत्र करून पाठवावं आणि ते इथं आल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांकित करून घ्यावं. आधी मसुदा वकिलाला दाखवा, नाहीतर तिकडून परत कुरिअर.

ताबा देताना काय करायचं?

पूर्ण रक्कम खात्यावर जमा झाल्यावरच किल्ल्या. ताबा पावती दोघांच्या सहीची करा. वीजमीटरच्या रीडिंगचा फोटो त्याच दिवशी दोघांच्या मोबाइलवर घ्या, महावितरणकडं नाव बदलायच्या अर्जासाठी तुमची सही लागू शकते. घरफाळ्याला नाव लावायचं काम घेणाऱ्याचं असलं तरी थकबाकी नसल्याचा दाखला तुम्ही द्या. सोसायटी असेल तर हस्तांतरणासाठी २५,००० रुपयांपेक्षा जास्त प्रीमियम मागता येत नाही, 'देणगी' म्हणून मागितला तरी. बँकेतला, विम्याचा आणि गॅस एजन्सीचा पत्ता बदला. आणि मंडळाची गणपतीची वर्गणी यंदा कोण देणार ते आधीच ठरवून घ्या.